खाडीतल्या तिसऱ्या (वाळूत रुतून राहणारे, खाण्याचे शिंपले) सात दिवसांत दुप्पट कशा झाल्या? मोजणीत नेमकं काय चुकतंय

खाजणकाठ

प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांचा प्रकल्प आहे. मालवण तालुक्यातल्या एका खाडीच्या मुखाशी ओहोटीला वाळूमिश्रित चिखलाचा पट्टा उघडा पडतो, साधारण ६,००० चौरस मीटरचा. गावातल्या बायका तिथे पिढ्यान्‌पिढ्या तिसऱ्या काढतात. हल्ली टोपली भरायला दुप्पट वेळ लागतो असं त्या सांगतात, म्हणून तिसऱ्या किती आहेत आणि कशामुळे कमी-जास्त होतात ते बघायचं ठरवलं.

अर्धा इंची पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो वापरून ५० सेंटिमीटर बाजूची चौकट केली. ती पट्ट्यावर इकडेतिकडे १० ठिकाणी टाकली आणि आतली वाळू हाताने चाचपून सापडतील तेवढ्या तिसऱ्या मोजल्या.

पहिली फेरी, अष्टमीला दुपारी साडेबारा वाजता (मुलांचे तास बुडू नयेत म्हणून): ०, ०, २, १, ०, १४, ९, ०, ३, १.

दुसरी फेरी, अमावास्येला संध्याकाळी: २२, ०, ६, ११, ०, ०, १७, ४, ०, ०.

सरासरी ३ ची ६ झाली. म्हणजे चौरस मीटरला १२ च्या जागी २४. सात दिवसांत तिसऱ्या दुप्पट होणं शक्य नाही हे कळतंय, पण चूक कुठली ते कळत नाही. त्यापेक्षा खुणा करून सोडायची पद्धत बरी का? आणि संख्या खरंच घटत असेल तर काढणीमुळे की पावसामुळे, हे वेगळं कसं करायचं?

---

उधाणभांग

पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे: अष्टमी आणि अमावास्या. अष्टमीला भांग असतो. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्या दिवशी पट्ट्याचा वरचा भागच उघडा पडला असणार. अमावास्येच्या उधाणाला पाणी खूप खाली गेलं आणि एरवी पाण्याखाली असलेला खालचा भाग तुमच्या चौकटीखाली आला. तिसऱ्या पाण्यातून गाळून खातात, त्यामुळे जिथे जास्त वेळ पाणी तिथे त्यांना खायला जास्त वेळ मिळतो. बहुतेक ठिकाणी त्या मधल्या-खालच्या भागात दाट आणि वर विरळ असतात. थोडक्यात, तुम्ही एकच जागा दोनदा मोजलेली नाही. दोन वेगळ्या जागा मोजल्या आहेत.

वेळेचं गणितही आधीच बघून ठेवायला हवं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते, हा हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असतो. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेला भरती अकरा-साडेअकराच्या सुमारास, म्हणून ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला आणि पुन्हा संध्याकाळी. ठिकाणानुसार तासभर इकडेतिकडे होतं, पण निष्कर्ष बदलत नाही: कॉलेजच्या वेळेत दुपारी जी ओहोटी सापडते ती जवळजवळ नेहमी भांगाचीच असते. दुपारच्या सोयीने केलेल्या मोजण्या खालच्या पट्ट्याला कायमच्या मुकतात.

म्हणून सगळ्या फेऱ्या उधाणाला ठेवा. सगळ्यात मोठं उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं, तेव्हा प्रतिपदा-द्वितीया उत्तम. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, त्यामुळे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी कोष्टकात नुसती वेळ नाही, पाण्याची उंचीही बघा. दोन फेऱ्यांतल्या ओहोटीच्या उंचीत १०-१५ सेंटिमीटरहून जास्त फरक नको. सपाट पट्ट्यावर तेवढ्या फरकानेसुद्धा पाण्याची रेघ बरीच मीटर सरकते. पाणी पूर्ण उतरायच्या तास-सव्वा तास आधी वरून सुरुवात करून पाण्यामागोमाग खाली जायचं. उलट केलंत तर भरती पाठीवर येते आणि खालच्या चौकटी घाईत उरकल्या जातात.

---

चौकट_चाळण

वरचं अगदी बरोबर आहे. पण भरतीचा फरक नसता तरी या आकड्यांवरून ‘दुप्पट’ म्हणता आलं नसतं. हिशेब करून बघू.

पहिल्या फेरीची सरासरी ३, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप) ४.७४. दहा चौकटी, म्हणून प्रमाण त्रुटी (सरासरी स्वतः किती चुकू शकते याचं माप) ४.७४ भागिले १० चं वर्गमूळ, म्हणजे १.५. दहा निरीक्षणांसाठी टी-कोष्टकातला आकडा २.२६, त्याने १.५ ला गुणलं की ३.४. खरी सरासरी ३ च्या दोन्ही बाजूंना ३.४ इतक्या पट्ट्यात कुठेही असू शकते, म्हणजे व्यवहारात शून्यापासून ६.४ पर्यंत. दुसऱ्या फेरीचं प्रमाण विचलन ८.०७, प्रमाण त्रुटी २.५५, आणि पट्टा ०.२ ते ११.८. पहिला पट्टा जवळजवळ पूर्ण दुसऱ्याच्या आत पडतो. सरासऱ्यांमधला फरक ३ आणि त्या फरकाची प्रमाण त्रुटीही जवळपास ३. असा फरक निव्वळ चौकट कुठे पडली यावरूनही येतो.

याचं मूळ असं की तिसऱ्या घोळक्याने असतात. प्रचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, सरासरीने भागून बघा. प्राणी कुठेही कसेही विखुरलेले असतील तर भागाकार १ च्या आसपास येतो. तुमच्याकडे पहिल्या फेरीत ७.५ आणि दुसऱ्या फेरीत जवळपास ११ येतो. इतका घोळका असताना १० चौकटी फारच कमी. सरासरी २० टक्के अचूक हवी असेल तर लागणाऱ्या चौकटी = (२ × प्रमाण विचलन ÷ (०.२ × सरासरी)) चा वर्ग. पहिल्या फेरीच्या आकड्यांवरून हे २५० येतं. ४० टक्क्यांवर समाधान मानलंत तरी ६० च्या वर.

घाबरू नका, २५० चौकटी खणायच्या नाहीत. दोन गोष्टी केल्या की काम आवाक्यात येतं.

पट्टे पाडा. पट्ट्याचे वरचा, मधला आणि खालचा असे तीन भाग करा. प्रत्येकाचं क्षेत्रफळ मोजा आणि प्रत्येकात वेगळी सरासरी काढा. समजा वरचा २,००० चौरस मीटर आणि चौरस मीटरला २ तिसऱ्या, मधला ३,००० आणि २०, खालचा १,००० आणि ८. एकूण होतात ४,००० + ६०,००० + ८,००० = ७२,०००. तिन्ही सरासऱ्यांची साधी सरासरी (१०) काढून ६,००० ने गुणलंत तर ६०,००० येतील, म्हणजे बारा हजार तिसऱ्या हिशेबातच हरवल्या. सरासरी क्षेत्रफळाच्या वजनानेच काढायची. आणि जिथे चढउतार जास्त त्या मधल्या पट्ट्यात चौकटी जास्त घ्यायच्या. वरच्या पट्ट्यात ८-१० पुरतात.

दुसरं, चौकट लहान करा. ५० सेंटिमीटरची चौकट १५ सेंटिमीटर खोल खणली तर ३७.५ लिटर ओली वाळू निघते, वजनाने सत्तर किलोच्या आसपास. ती सगळी चाळणं होत नाही, म्हणूनच मुलं ‘चाचपून’ बघतात. २५ सेंटिमीटरच्या चौकटीत साडेनऊ लिटरच निघते. म्हणजे तेवढ्याच खणण्यात चारपट चौकटी होतात आणि घोळक्याने राहणाऱ्या प्राण्यासाठी थोड्या मोठ्या चौकटींपेक्षा पुष्कळ लहान चौकटी कधीही चांगल्या. तोटा एकच, कडेवरच्या तिसऱ्यांचा प्रश्न वाढतो. त्यासाठी नियम ठरवून टाका: समुद्राकडची आणि डावी या दोन कडांवर आलेली तिसरी धरायची, उरलेल्या दोन कडांवरची सोडायची. सगळ्या मुलांना एकच नियम.

हाताने चाचपणं मात्र बंदच करा. बोटांना २० मिलिमीटरची तिसरी लागते, ८ मिलिमीटरची वाळूच्या खड्यासारखी वाटून निसटते. मग तीच पिल्लं दोन महिन्यांनी मोठी झाली की ‘वाढ झाली’ असं दिसतं. खणलेली वाळू बादलीतल्या पाण्यात कालवून २ मिलिमीटरच्या जाळीतून चाळा. रेतीची बांधकामाची चाळण त्याहून मोठ्या भोकांची असते, ती मोठ्या तिसऱ्यांपुरती ठीक. कुठलीही वापरा, पण वर्षभर तीच.

चौकट ‘टाकणं’ हाही दोष आहे. फेकणाऱ्याचा डोळा आपोआप भोकं दिसतात तिकडे जातो. किनाऱ्यापासून पाण्याकडे टेप ताणा, पहिली चौकट किती मीटरवर हे चिठ्ठी काढून ठरवा आणि पुढे दर ५ मीटरला एक. अशा ओळी चार-पाच. आकडा पडेल तिथेच खणायचं, मग तिथे डबकं असो वा कातळ. कातळ आला तर शून्य लिहायचं, दोन पावलं सरकायचं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. पाइपचे ५० सेंटिमीटरचे तुकडे कापून एल्बो लावले असतील तर आतली बाजू ५० भरत नाही, थोडी जास्त भरते. टेपने मोजा. ५२ निघाली तर क्षेत्रफळ ०.२५ नाही, ०.२७ चौरस मीटर, म्हणजे थेट आठ टक्के चूक, आणि तीही प्रत्येक चौकटीत एकाच दिशेची. पाइपला चार भोकं पाडा, नाहीतर घोटाभर पाण्यात चौकट तरंगते.

---

खाजणकाठ

आतून मोजली, ५१.५ सेंटिमीटर भरली. तिथी-वेळेचं तर लक्षातच आलं नव्हतं. मनापासून आभार. आता खुणांच्या पद्धतीबद्दल कोणी सांगेल का? मुलांना त्यात जास्त रस आहे. आणि शेजारच्या कांदळवनात एका मोठ्या नांगीचे छोटे खेकडे आहेत, त्यांची भोकं मोजली तर चालेल का?

---

तिवर_चिपी

खुणांच्या पद्धतीचं तत्त्व सोपं आहे. काही प्राणी पकडून खूण करून सोडायचे. ते बाकीच्यांत मिसळल्यावर पुन्हा पकडायचे. दुसऱ्या पकडीत खुणेवाल्यांचं जे प्रमाण, तेच एकूण संख्येतही असणार. डेन्मार्कच्या पीटरसन यांनी १८९६ मध्ये माशांसाठी खुणांचा वापर केला, अमेरिकेत लिंकन यांनी १९३० मध्ये बदकांची संख्या अशी काढली. म्हणून नाव लिंकन-पीटरसन. खुणेवाले थोडे सापडले तर साधं सूत्र संख्या फुगवतं, त्यामुळे चॅपमन यांची दुरुस्ती वापरा:

संख्या = (खुणा केलेल्या + १) × (दुसऱ्या पकडीतल्या + १) ÷ (त्यातल्या खुणेवाल्या + १) − १

समजा २०० तिसऱ्यांना खुणा केल्या, दुसऱ्या वेळी १५० सापडल्या आणि त्यांत १२ खुणेवाल्या. २०१ × १५१ ÷ १३ − १ = सुमारे २,३३४. साध्या सूत्राने २,५०० आल्या असत्या. पण २,३३४ हा आकडा एकटा लिहू नका. याची प्रमाण त्रुटी ५७७ येते, म्हणजे खरी संख्या साधारण १,२०० ते ३,४६० मध्ये कुठेही. खुणेवाल्या ३०-४० तरी सापडेपर्यंत या पद्धतीचा भरवसा धरू नये.

तिसऱ्यांसाठी मात्र ही पद्धत संख्या काढायला फारशी योग्य नाही, हे स्पष्ट सांगतो. सगळा हिशेब ‘मिसळणं’ या शब्दावर उभा आहे आणि तिसरी मिसळत नाही. जिथे सोडली तिथेच आसपास रुतते. पाण्याजवळच्या सोयीच्या जागी सोडल्या आणि पुन्हा तिथेच शोधल्या तर खुणेवाल्या भरमसाट सापडून संख्या कमी दिसेल. दुसरीकडे शोधल्या तर एकही सापडणार नाही. शिवाय मधल्या दिवसांत बायकांनी काढलेल्या टोपलीत तुमच्या खुणा गेल्या तर हिशेब वेगळ्याच वाटेने बिघडतो. संख्या चौकटीनेच काढा.

पण खुणा वाया जात नाहीत. वाढ आणि मरण मोजायला त्यांच्यासारखं साधन नाही. शिंपला गोड्या पाण्याने धुऊन स्पिरिटने पुसा, पूर्ण कोरडा झाल्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या, तो वाळला की दुसरा हात. ओल्या शिंपल्यावरचा ठिपका दोन भरत्यांत सुटतो. लांब मुदतीच्या कामासाठी बारीक कानशीने शिंपल्याच्या कडेला उथळ खाच पाडा. शिंपला कडेनेच वाढतो, त्यामुळे खाच जागच्या जागी राहते आणि तिच्या बाहेर भरलेला भाग ही त्या काळातली वाढ. हे सगळं सावलीत, ओल्या गोणपाटावर, तासाभराच्या आत. सोडताना वाळूवर नुसत्या पसरू नका. पाणी चढायच्या आधी पक्षी आणि कुर्ल्या उघड्या तिसऱ्यांवर येतात. बोटभर खोल दाबून सोडायच्या.

खेकड्यांचं उलट. ते मिसळतात, पण कात टाकतात आणि कातीबरोबर खूणही जाते. मोठ्या नांगीचा नर म्हणजे फिडलर क्रॅब. त्याच्या पाठीवर रंगाचा ठिपका चार-पाच दिवसांच्या कामाला चालतो, महिन्याच्या कामाला नाही.

भोकं मोजणं सोपं आहे पण भोक म्हणजे खेकडा नव्हे. काही भोकं रिकामी असतात, काहींना दोन तोंडं असतात, काही दुसऱ्याच जातीची असतात. दोन पद्धती एकत्र करा. एक मीटरची दोऱ्याची चौकट आखा, दोन-तीन मीटर मागे सरून हालचाल न करता बसा आणि दुर्बिणीतून मोजा. पहिली दहा मिनिटं मोजायचं नाही, कारण तुमच्या पावलांनी सगळे आत गेलेले असतात. मग दर दोन मिनिटांनी एक मोजणी, अशा पाच, आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरायचा. नर, मादी आणि पिल्लं वेगळी लिहायची. त्यानंतर त्याच चौकटीतली सगळी भोकं चिखलाने लिंपून टाका आणि भरती येऊन गेल्यावर पुढच्या ओहोटीला किती उघडली ते मोजा. उघडलेलं भोक म्हणजे आत कोणीतरी जिवंत आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की भोकामागे किती खेकडे हे प्रमाण मिळतं. ते तुमच्या कांदळवनाचं प्रमाण, दुसऱ्या खाडीला लावू नका.

नेमकं काय मोजलं हे नाव घेऊन लिहायची सवय मुलांना आत्ताच लावा. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी मोजतात तेव्हाही तेच. एक ऑलिव्ह रिडले मादी एका हंगामात एकाहून जास्त घरटी करू शकते आणि नर तर किनाऱ्यावर येतच नाही. घरट्यांचा आकडा हा घरट्यांचाच, कासवांचा नव्हे.

---

चौकट_चाळण

वरच्या उत्तरात थोडी भर. लिंपलेली भोकं उधाणात आणि भांगात वेगवेगळ्या वेगाने उघडतात. वरच्या चिखलावर भांगाला भरतीचं पाणीच पोचत नाही, तेव्हा तिथली न उघडलेली भोकं रिकामी धरू नका.

---

काळी_वाळू

शेवटचा प्रश्न राहिला: काढणी की पाऊस. हा सगळ्यात अवघड आहे आणि नुसत्या एकूण संख्येवरून सुटत नाही.

कुठल्याही प्राण्याची संख्या चारच वाटांनी बदलते. जन्म आणि बाहेरून येणं या वाटांनी वाढते, मरण आणि बाहेर जाणं या वाटांनी घटते. तिसरीच्या बाबतीत गंमत अशी की पहिल्या दोन वाटा जवळजवळ एकच आहेत. मोठ्या तिसऱ्या अंडी आणि शुक्रजंतू पाण्यातच सोडतात, अळ्या काही दिवस ते दोन-तीन आठवडे पाण्याबरोबर वाहतात आणि मग कुठेतरी तळाला बसतात. तुमच्या पट्ट्यावर यंदा बसलेली पिल्लं शेजारच्या खाडीतल्या आयांची असू शकतात. त्यामुळे फेरहुल्स्ट यांचं १८३८ चं लॉजिस्टिक समीकरण, ज्यात गर्दी वाढली की वाढीचा वेग घटतो आणि जागेच्या क्षमतेच्या निम्म्यावर वाढ सगळ्यात जोरात असते, ते एका लहान पट्ट्याला जसंच्या तसं लावू नका. ‘निम्म्या काढल्या तरी भरून येतात’ असा चुकीचा निष्कर्ष त्यातूनच निघतो. उलट फार विरळ झाल्या तर पाण्यात सोडलेली अंडी आणि शुक्रजंतू एकमेकांना गाठतच नाहीत. संख्या कमी असताना वाढही कमी होणं, याला अ‍ॅली परिणाम म्हणतात. पाण्यात फलन होणाऱ्या प्राण्यांत याची भीती खरी आहे.

म्हणून नुसतं मोजू नका, मापाही. चाळणीवर आलेल्या प्रत्येक तिसरीची लांबी व्हर्नियरने मिलिमीटरमध्ये घ्या, सगळ्यात लांब बाजू, दर वेळी तीच. २ मिलिमीटरच्या गटांनी आलेख काढा. एका हंगामात बसलेली पिल्लं आलेखात एक टेकडी होऊन दिसतात आणि दर महिन्याला ती टेकडी उजवीकडे सरकते. आता वाचता येतं. लहान मापाची टेकडीच आली नाही तर त्या हंगामात पिल्लं बसली नाहीत (किंवा तुमच्या चाळणीचं भोक मोठं आहे, ते आधी तपासा). लहान भरपूर आणि विकायच्या मापापासून पुढे आलेख एकदम तुटला तर संशय काढणीकडे जातो. सगळ्याच मापांच्या एकदम कमी झाल्या आणि ते जुलै-ऑगस्टमध्ये झालं तर पाऊस.

पावसाचं मरण गर्दी बघत नाही. सह्याद्रीवरून पाणी सुटलं की खाडीचं मुख दिवसेंदिवस गोडं राहतं. तिसरी शिंपला घट्ट मिटून काही दिवस काढते, पण मिटलेली असताना तिला खाणंही नाही आणि श्वासही नीट नाही. ओसरायला जास्त दिवस लागले की मरते, मग चौरस मीटरला पाच असोत की पन्नास. वर गाळ बसला तर आणखी लवकर. गर्दीचा परिणाम याच्या उलट: दाट जागी प्रत्येकीला गाळून खायला कमी मिळतं, त्या मरतात कमी पण वाढतात हळू. म्हणजे एक परिणाम संख्येत दिसतो, दुसरा आधी मापात दिसतो. मुलांना हे दाखवायचं तर एक मीटरच्या नऊ चौकोनांना १५ सेंटिमीटर खोल पुरलेल्या प्लास्टिक जाळीचं कुंपण करा, तीनांत १०, तीनांत ४०, तीनांत १६० खाच पाडलेल्या तिसऱ्या सोडा, एकूण ६३०. महिन्याला वाढ मापा. जाळीला शेवाळ धरतं, पाण्याचा वेग मंदावतो आणि आत गाळ साचतो. आठवड्याला ब्रशने साफ केलं नाही तर तुम्ही गर्दीचा नाही, गाळाचा परिणाम मोजत बसाल.

रिकामे शिंपले फेकू नका. ते मरणाची नोंदवही आहेत. बिजागरीला अजून जोडलेली जोडी म्हणजे नुकतंच मेलेली. सुट्टे शिंपले जुने किंवा वाहून आलेले, ते धरू नका. जोडीच्या टोकाजवळ दोन-तीन मिलिमीटरचं गोल भोक, बाहेरून रुंद आणि आत निमुळतं, जणू ड्रिल मशीन लावलंय असं दिसलं तर ते नॅटिका कुळातल्या गोल गुळगुळीत गोगलगाईचं काम. कडा तुटून कपच्या उडालेल्या असतील तर कुर्ली. काहीही जखम नाही, उघडी जोडी, आत काळा चिखल, तर गोडं पाणी किंवा गाळ. प्रत्येक चौकटीसाठी या तीन प्रकारांचे तीन रकाने करा. जुलै-ऑगस्टनंतर पहिल्या उधाणाला तिसरा रकाना भरतो की नाही ते बघा.

काढणी वेगळी करायचा खरा मार्ग एकच, न काढलेली जागा. पट्ट्याचा एक तुकडा वर्षभर सोडायचा आणि शेजारचा चालू ठेवायचा. दोन्हीकडे पाऊस सारखाच पडतो, तेव्हा उरलेला फरक काढणीचा. हे काढणाऱ्या बायकांशी बसून ठरवायला हवं. तुकडा कुठला, किती मोठा, कुणाचं नुकसान, हे त्याच सांगतील. त्यांच्या रोजीवर प्रकल्प उभा करायचा नसतो. त्यांच्याकडून रोजची टोपली वजन करून मिळाली, किती जणी आणि किती तास हे लिहिलं, तर दर तासाला दर बाईमागे किती किलो हा आकडाही हाती येईल. तो एकट्याने मात्र फसवतो. जाणत्या बाईला घोळका कुठे आहे ते पायाला कळतं, त्यामुळे एकूण संख्या घटली तरी टोपली बराच काळ तशीच भरते आणि मग एकदम रिकामी येते. तुमच्याकडे टोपलीला दुप्पट वेळ लागायला लागलाय म्हणजे घट बरीच आधीपासूनची असण्याची शक्यता धरून चाला. केरळात अष्टमुडी सरोवरातल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये एमएससी प्रमाणपत्र (साठा न संपवता केलेल्या मासेमारीला मिळणारं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) मिळालं, भारतातलं पहिलं. तिथे प्रजननाच्या काळात काढणी बंद ठेवतात.

---

खाजणकाठ

असं ठरवतो आहे: दर महिन्याला अमावास्येनंतरच्या प्रतिपदेला एक फेरी, तीन पट्टे, ओळींनी ४८ लहान चौकटी (वर ८, मध्ये २८, खाली १२), २ मिलिमीटरची चाळण, लांबी, आणि रिकाम्या जोड्यांचे तीन रकाने. पाण्याचा खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने घेऊ. सोडायच्या तुकड्याबद्दल बायकांशी बोलणं पुढच्या आठवड्यात. यात काही राहतंय?

---

उधाणभांग

पावसाळ्यातल्या फेऱ्या वगळू नका, तिथेच उत्तर आहे. पण जूननंतर खाडीच्या मुखाशी ओढ जबरदस्त असते आणि पहाटेच्या ओहोटीला अंधार असतो. खालच्या पट्ट्यात कमरेला दोर आणि काठावर एक माणूस याशिवाय कोणी जायचं नाही. खालच्या चौकटी झाल्या नाहीत तर रकान्यात ‘मोजलं नाही’ लिहा, शून्य नको.

पट्ट्यांच्या हद्दींना बांबूच्या खुंट्या मारा, गुडघाभर खोल. मोबाइलचं जीपीएस चार-पाच मीटर चुकतं, तेवढ्यात पट्टा बदलतो. पावसाळ्यानंतर वाळू सरकलेली असते, तेव्हा ऑक्टोबरात तिन्ही क्षेत्रफळं नव्याने मोजा. जुन्या क्षेत्रफळाने गुणलंत तर नसलेल्या जागेतल्या तिसऱ्या मोजल्या जातील. कांदळवनात काम करणार असाल, किंवा जागा मालवण सागरी अभयारण्याच्या हद्दीत येत असेल, तर खणण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या.

खारटपणा वरच्या पाण्याचा घेऊ नका. पावसात गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं आणि खाली खारं असतं. रिफ्रॅक्टोमीटर वर दर हजारी ५ दाखवेल आणि वीतभर खाली १८ असेल. ओहोटीला मधल्या पट्ट्यात १५ सेंटिमीटरचा खड्डा करा, आधी भरलेलं पाणी उपसून टाका, पाझरून नव्याने आलेल्या पाण्याचे दोन थेंब काचेवर घ्या. तिसरी त्याच पाण्यात बसलेली असते.